एका अश्रूची तारीख

पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या लहानशा देशात, कासाका नावाच्या गावी, 17 फेब्रुवारी 1980 रोजी एक समारंभ झाला. राष्ट्राध्यक्ष लुईश काब्राल त्या दिवशी स्वातंत्र्ययुद्धातल्या जुन्या सहकाऱ्यांना लष्करी हुद्दे बहाल करत होते. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी एक होते मेजर नीनो. त्यांचे पूर्ण नाव जुआंव बेर्नार्दू व्हिएरा असले तरी साऱ्या देशाला ते नीनो म्हणूनच ठाऊक होते. त्यांची पाळी येते, हुद्दा मिळतो आणि हा जंगलात वर्षानुवर्षे लढलेला माणूस सर्वांदेखत रडू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, हे साहजिकच आहे. 1963 साली पोर्तुगीजांविरुद्ध हत्यार उचलले, अकरा वर्षे दलदलीतून आणि भातखाचरांतून लढाई केली, कित्येक सोबती गमावले आणि आज देश आपला आहे. अशा वेळी डोळ्यांत पाणी येणार नाही तर कधी येणार?

पडद्यावर हे दृश्य चालू असतानाच एका स्त्रीचा शांत आवाज सांगतो की याचा अर्थ नीट समजायचा असेल तर थोडे पुढच्या काळात जायला हवे. वर्षभराच्या आत हे राष्ट्राध्यक्ष कैदेत असतील आणि त्यांनी ज्याला आत्ता सन्मानित केले तोच रडणारा माणूस सत्तेवर बसलेला असेल. 14 नोव्हेंबर 1980 रोजी नीनो यांनी खरोखरच उठाव करून लुईश काब्राल यांना पदच्युत केले. मग तो आवाज आपल्याला त्या अश्रूंचा उलगडा करून सांगतो: ते जुन्या योद्ध्याच्या भावनावेगाचे नव्हते, तर आपल्याला इतरांपेक्षा पुरेसे वर चढवले नाही या दुखावलेल्या अभिमानाचे होते. चित्र तेच, चेहरा तोच, पाणीही तेच. पण आता ते आधीसारखे दिसत नाही, आणि कितीही प्रयत्न केला तरी पुन्हा तसे दिसणार नाही.

हे दृश्य ज्या चित्रपटात आहे त्याचे नाव ‘साँ सोलेय’, म्हणजे ‘सूर्याविना’. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांचा, 1983 सालचा, सुमारे शंभर मिनिटांचा. मुसॉर्गस्की या रशियन संगीतकाराच्या गीतमालिकेवरून हे नाव घेतले आहे. सँडोर क्रास्ना नावाचा एक छायाचित्रकार जगभर हिंडतो, मुख्यतः जपान आणि पश्चिम आफ्रिकेत, आणि एका स्त्रीला पत्रे लिहितो; ती स्त्री ती पत्रे आपल्याला वाचून दाखवते. एवढीच त्याची रचना. क्रास्ना अस्तित्वात नाही, तो मार्कर यांनीच रचलेला. संगीत देणारा मिशेल क्रास्ना आणि यंत्रावर चित्रांचे रंग बदलणारा हायाओ यामानेको हेही त्यांचेच मुखवटे. एक माणूस एकटा बसून चित्रपट करतो आणि श्रेयनामावलीत मात्र चारचौघांची मैफल भरवतो, यातली गंमत मला फार उशिरा कळली.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुण्यात शिकत होते. एका फिल्म सोसायटीच्या लहानशा खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दहा-बाराजण बसलो होतो आणि निवेदन ऐकू येत नाही म्हणून एप्रिल महिन्यात पंखा बंद करावा लागला होता. खरे सांगायचे तर मधली वीसेक मिनिटे मला डुलकी लागली. घरी जाताना लक्षात राहिले होते ते टोकियोच्या उपनगरातले मांजरांचे देऊळ. गोतोकुजीच्या त्या देवळात आलेले एक जोडपे हरवलेल्या मांजरीसाठी प्रार्थना करत असते. मांजरी मेलेली नाही, फक्त पळून गेली आहे. पण ती मरेल त्या दिवशी तिच्यासाठी प्रार्थना कशी करावी हे कुणालाच ठाऊक नसेल, आणि मृत्यूने तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी म्हणून काय करायचे ते कुणाला कळणार नाही, ही त्या दोघांची काळजी. आम्ही बाहेर चहा पिताना त्या मांजरीवर बराच वेळ हसलो. कासाकाचा समारंभ मला आठवतही नव्हता.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी, काका गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतले फोटो स्कॅन करायचे काम माझ्याकडे आले तेव्हा हा चित्रपट मी पुन्हा पाहिला, आणि मग लागोपाठ तीन रात्री पाहिला. त्या फोटोंकडे पुढे येतेच.

चित्रपटात ‘मी’ म्हणणारा कुणी पडद्यावर नाही. ती स्त्री सतत सांगते ते त्याने लिहिलेले: त्याने मला लिहिले, तो मला सांगायचा, त्याला असे वाटले होते. मूळ फ्रेंच आवृत्तीत हा आवाज फ्लोरान्स दले यांचा आहे, इंग्रजीत अलेक्झांड्रा स्टुअर्ट यांचा. मी इंग्रजी आवृत्ती पाहिली आणि ऐकता ऐकता मनातल्या मनात तिचे मराठी करू लागले, तेव्हा ध्यानात आले की या साऱ्या निवेदनासाठी आपल्या भाषेत एक शब्द आधीपासून तयार आहे: ‘म्हणे’. आइसलँडमध्ये म्हणे तीन मुले दिसली होती. टोकियोत म्हणे बाहुल्यांचे अंत्यसंस्कार करतात. या एका शब्दाने मराठी माणूस बोललेल्या गोष्टीची जबाबदारी खांद्यावरून अलगद खाली ठेवतो. मी सांगते आहे, पण पाहिले मी नाही, खरे-खोटे त्याचे तो जाणे. आजीच्या तोंडी हा शब्द कधी विश्वासाचा असे, कधी शंकेचा, कधी नुसत्या कौतुकाचा, आणि ते तिच्या आवाजावरून ओळखावे लागे. मार्कर यांचे निवेदन सबंध याच पट्टीत लावलेले आहे. ज्याने पाहिले तो इथे नाही, जी सांगते तिने पाहिलेले नाही, आणि आपण जे पाहतो आहोत ते कुणाच्या आठवणीतले आहे याचा पत्ता लागत नाही.

या चित्रपटातला एकटेपणा मला पत्र लिहिणाऱ्यापेक्षा पत्र वाचणाऱ्या त्या बाईचा अधिक वाटतो. तो निदान गर्दीत आहे: बोटीवर, बाजारात, मिरवणुकीत, लोकल गाडीत झोपलेल्या प्रवाशांमध्ये. तिच्याजवळ फक्त कागद आहेत. ती आपल्याला कधी दिसत नाही, तिने उलट काय लिहिले ते कळत नाही, उत्तर पाठवले की नाही तेही कळत नाही. शंभर मिनिटांत तिचा आवाज एकदाही चढत नाही. परगावी गेलेल्या माणसाची पत्रे घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या बाईचा आवाज असाच सपाट असतो, कारण आपल्याला त्यातले काय लागले ते तिला दाखवायचे नसते.

तंत्राची एक बाजू इथे सांगितलीच पाहिजे. मार्कर यांनी बहुतेक चित्रण 16 मिलिमीटरच्या मूक कॅमेऱ्याने केले आणि आवाज निराळ्या, छोट्याशा टेपरेकॉर्डरवर टिपले. त्यामुळे संपूर्ण चित्रपटात चेहऱ्याचा आणि आवाजाचा मेळ कुठेही नाही. माणसांचे ओठ हलतात, पण ऐकू येते ते दुसरेच काही: रेल्वेची घोषणा, यंत्राची भुणभुण, दूरवरचे गाणे. सुरुवातीला हे परके वाटते आणि मग सवय होते, कारण आठवणींचेही असेच असते. वडिलांचा चेहरा मला एका दिवशीचा आठवतो, आवाज दुसऱ्याच कुठल्या दिवशीचा, आणि दोन्ही मी एकमेकांवर बसवत राहते. शिवाय अशी सामग्री एका माणसाला पिशवीत घालून नेता येते. सोबत कुणी लागत नाही.

सोबत कुणी लागत नाही, हे मार्कर यांच्या बाबतीत साधे वाक्य नाही. 1921 साली जन्मलेला हा माणूस छायाचित्र काढू देत नसे. कुणी मागितलेच तर मांजराचे चित्र पाठवून देई. पण 1967 नंतरची जवळजवळ दहा वर्षे त्याने सामूहिक कामात घालवली. फ्रान्समधल्या बझाँसोंमध्ये कापडधंद्यातल्या कामगारांचा संप झाला, तेव्हा तो चित्रित करायला मार्कर आणि त्यांचे सोबती गेले. आमच्याविषयी तुम्ही का बोलता, या कामगारांच्या सवालातून पुढे कॅमेरे कामगारांच्याच हाती देण्याचा प्रयोग उभा राहिला. त्या काळात चित्रपटावर एकट्याची सही नको असा आग्रह होता. 1977 साली मार्कर यांनी जगभरच्या डाव्या चळवळींच्या त्या दशकाचा, उभारीचा आणि पांगापांगीचा, जवळजवळ चार तासांचा हिशेब मांडला. त्यात पॅरिस आहे, व्हिएतनाम आहे, चिली आहे, प्राग आहे. त्यानंतरचा त्यांचा मोठा चित्रपट म्हणजे ‘साँ सोलेय’. ‘आम्ही’ म्हणणारा माणूस सहा वर्षांनी ‘तो’ होऊन परत आला. राजकीय भ्रमनिरासाविषयी बोलणारे चित्रपट पुष्कळ आहेत; सर्वनाम बदलून तो सांगणारा दुसरा मला माहीत नाही.

चित्रपटाची सुरुवात आइसलँडमधल्या एका रस्त्यावर चालणाऱ्या तीन मुलांनी होते. 1965 सालचे हे चित्र क्रास्नाच्या लेखी सुखाचे चित्र आहे, पण ते दुसऱ्या कुठल्याही चित्राला जोडता येईना, म्हणून त्याने ते एकटेच सुरुवातीला ठेवले आणि मागेपुढे काळी फिल्म लावली. लोकांना सुख दिसले नाही तर निदान काळोख तरी दिसेल, असा त्याचा हिशेब. शेवटाकडे हेच चित्र परत येते. आता आपल्याला त्याचा मागचा भाग, मुलांचे हेमाएय हे बेट, कळते. जानेवारी 1973 मध्ये तिथला ज्वालामुखी फुटला आणि गावाचा मोठा भाग काळ्या राखेखाली गेला. ज्वालामुखींचे अभ्यासक हारून ताझिएफ यांनी घेतलेल्या चित्रणात घरांची फक्त छपरे वर दिसतात. 1965 हे सबंध वर्षच राखेने झाकून टाकावे तसे. सुरुवातीला आपण पाहिलेली काळी फिल्म नुसता काळोख नव्हती, हे तेव्हा उमगते. मुलांच्या चालण्यात मात्र तेव्हाही काही बदललेले नसते, आताही नाही.

व्हर्टिगो या 1958 सालच्या हिचकॉकपटाच्या मागावर क्रास्ना सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरून हिंडतो, त्या भागावर इतरांनी इतके लिहिले आहे की मी तो सोडून देते. ओकिनावा या जपानी बेटाचा भागही सोडते, ते वेगळ्या लेखाचे काम आहे. पण नारिता सोडता येत नाही. टोकियोच्या नव्या विमानतळासाठी जमिनी घेण्याविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी 1966 पासून लढा दिला आणि विद्यार्थी त्यांच्या बाजूने उतरले. क्रास्ना तिथे दहा वर्षांनी परत जातो तेव्हा मोर्चा चालूच असतो. तेच चेहरे, तेच शिरस्त्राण घातलेले पोलीस, तेच फलक, त्याच घोषणा. भर पडली आहे ती एकाच गोष्टीची: विमानतळाची. हे ऐकून मला हसू आले आणि लगेच लाज वाटली, कारण क्रास्ना त्या मोर्च्यावर हसत नाही. लढा हरला, पण त्या माणसांना जगाची जी समज आली ती लढल्यावाचून आली नसती, असे तो लिहितो. भ्रमनिरासाचे दोन प्रकार असतात. एकात माणूस आपल्या जुन्या विश्वासाची टवाळी करत सुटतो. त्याची उदाहरणे आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीनंतर दूरचित्रवाणीवर बसलेली दिसतात. दुसऱ्यात तो जुनी चित्रे पुन्हा काढून पाहतो. मार्कर दुसऱ्या जातीचे.

हायाओ यामानेकोचे यंत्र याच ठिकाणी कामाला येते. साठच्या दशकातल्या मोर्च्यांची चित्रे तो संश्लेषकात घालतो आणि ती रंगांचे थरथरणारे डाग होऊन बाहेर पडतात. या प्रदेशाला तो ‘झोन’ म्हणतो, रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीला वंदन म्हणून. आजची चित्रे बदलत नसतील तर कालची बदलून पाहू, असा त्याचा विचार. आणि ही चित्रे निदान आपण चित्र आहोत एवढे तरी कबूल करतात, असा दावा. कल्पना म्हणून हे मला पटते. डोळ्यांना मात्र ते रंग आता दूरदर्शनवरच्या जुन्या कार्यक्रमांच्या शीर्षकांसारखे दिसतात, आणि भविष्यातले म्हणून रंगवलेले चित्रच सर्वांत आधी जुने व्हावे यात मार्कर यांनाही मौज वाटली असती असे मी धरून चालते.

आता पुन्हा गिनी-बिसाऊकडे. मराठी वाचकाला हा देश जितका दूरचा वाटतो तितका तो नाही, कारण त्याच्यावर राज्य करणारे आणि गोव्यावर राज्य करणारे एकच होते. 1955 साली ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींना घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा असलेल्या ज्या सालाझारच्या पोलिसांनी त्यांना मारहाण केली त्याच सालाझारच्या राजवटीत आमिल्कार काब्राल हे शेतकी तज्ज्ञ नुकतेच गिनीमध्ये शेतीची पाहणी करून परतले होते. 1956 साली त्यांनी गिनी आणि केप व्हर्दे या दोन्ही मुलुखांच्या स्वातंत्र्यासाठी एकच पक्ष उभारला. 1961 च्या एप्रिलमध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींमधल्या संघटनांची परिषद भरली, तीत मूळचे गोव्यातल्या बार्देशचे आकीनू द ब्रागांसा आघाडीवर होते. हेच ब्रागांसा पुढे मोझांबिकला गेले आणि 1986 साली राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात मरण पावले. त्याच 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गिनीला मात्र सप्टेंबर 1973 मध्ये स्वतःच स्वातंत्र्य जाहीर करावे लागले आणि पोर्तुगालने ते आणखी वर्षाने मान्य केले. ते पाहायला आमिल्कार काब्राल नव्हते. 20 जानेवारी 1973 रोजी शेजारच्या देशातल्या कोनाक्रीमध्ये त्यांच्या पक्षातल्याच लोकांनी त्यांचा खून केला होता.

चित्रपटात आमिल्कार एका होडीतून किनाऱ्याला हात हलवून निरोप देताना दिसतात. काही वर्षांनी त्यांचे सावत्र भाऊ लुईश तशाच होडीतून तसाच हात हलवतात. दोन हात, मध्ये एक सबंध युद्ध आणि एक स्वातंत्र्य. यानंतर कासाकाचा समारंभ येतो. हे चित्रण मार्कर यांचे स्वतःचे नाही, ते जाँ-मिशेल उमो यांनी केलेले आहे. बिसाऊच्या जत्रेचे चित्रण साना ना न्हादा यांचे आहे आणि आइसलँडच्या राखेचे ताझिएफ यांचे. आठवणीविषयीच्या या चित्रपटातल्या अगदी मोक्याच्या जागा दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत, म्हणजे तिथेही ‘म्हणे’ आलेच.

माझा वाद आहे तो त्या अश्रूच्या अर्थाशी. 1957 साली याच मार्कर यांनी सैबेरियावर एक चित्रपट केला होता. त्यात याकुत्स्क शहरातला एक साधा रस्ता आहे: बस जाते, मोटार जाते, मजूर रस्ता सपाट करत आहेत, एक स्थानिक माणूस कॅमेऱ्यासमोरून जातो. हेच दृश्य ते लागोपाठ तीनदा दाखवतात आणि तीन निरनिराळी निवेदने ऐकवतात. पहिल्यात सोव्हिएत स्वर्ग, दुसऱ्यात गुलामगिरी, तिसऱ्यात काटेकोर तटस्थता. तो जाणारा माणूस पहिल्यांदा उत्तरेचा देखणा प्रतिनिधी असतो, दुसऱ्यांदा भेसूर चेहऱ्याचा संशयित आणि तिसऱ्यांदा डोळ्याचा विकार असलेला एक याकुत. निवेदकावर भिस्त ठेवू नका, हे ज्याने मला शिकवले त्यानेच सव्वीस वर्षांनंतर एका डोळ्यातल्या पाण्याचा एकच अर्थ सांगितला आणि पुढे निघून गेला. नीनोंच्या मनात त्या क्षणी काय होते हे कुणी पाहिले? दुखावलेला अभिमान असेलही. पण त्या रांगेत उभे असताना मेलेले सोबतीही आठवले नसतील असे कशावरून? एकाच डोळ्यातून दोन्ही प्रकारचे पाणी वाहत नाही, असे शरीरशास्त्र तर सांगत नाही.

काकांच्या ट्रंकेतला फोटो मार्च 1977 चा आहे. आणीबाणीत काही महिने तुरुंगात काढून ते बाहेर आले होते, निवडणुकीचा निकाल लागला होता आणि तालुक्याच्या गावी चौकात मिरवणूक निघाली होती. फोटोत गुलालाने माखलेले दोघेजण आहेत. एक काका, दुसरा त्यांचा त्याच बराकीतला सोबती, आणि तो काकांच्या तोंडात पेढा कोंबतो आहे. काकांचे डोळे मिटलेले आहेत, पेढ्याचा अर्धा भाग दाढीत अडकला आहे. जुलै 1979 मध्ये दिल्लीतले सरकार पडले, आणि त्याच्याही आधी गावात या दोघांचे बोलणे बंद झाले होते. कारण उमेदवारीचे होते, पैशाचे होते की आणखी कशाचे, ते घरात कधी स्पष्ट झाले नाही. तो गृहस्थ पुढे ज्यांच्याविरुद्ध तुरुंगात गेला होता त्यांच्याच पक्षात गेला आणि बरी पदे भूषवून वारला. मी कॉलेजात असताना, नुकतेच शिकलेले शहाणपण पाजळत काकांना म्हटले होते, “काका, हा तेव्हापासूनच तसा असणार. बघा ना, पेढा भरवतानाही तो फोटोवाल्याकडे बघतोय.” काकांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “बघत असेल. पण पेढा तो मलाच भरवत होता गं.”

मार्कर यांचे निवेदन ऐकताना मला काकांचा हा ‘पण’ सारखा ऐकू येत राहिला. पुढचे ठाऊक झाल्यावर मागचे चित्र खोटे ठरवणे सोपे असते, आणि त्यात एक प्रकारचा सूडही असतो, आपण फसलो याचा. काकांनी तो घेतला नाही. ते भोळे होते असे म्हणणारे घरात पुष्कळ होते. ते राजकारणातून उठले आणि पुढची तीस वर्षे बहुतांशी एकटे राहिले, पेपर वाचत, कुणाच्या अध्यात न मध्यात, हेही खरे. पण त्यांनी तो फोटो फाडला नाही की कापून अर्धा केला नाही.

आणि पुढे जायचे तर किती पुढे जायचे? निवेदन म्हणते, एक वर्ष पुढे जा. 1983 साली त्याला त्याहून फार पुढचे दिसणे शक्यच नव्हते. नीनो 1999 पर्यंत सत्तेवर राहिले, मग यादवीत त्यांनाही हाकलण्यात आले, 2005 साली ते निवडणूक जिंकून परत आले आणि 2 मार्च 2009 रोजी सैनिकांनी त्यांना ठार मारले. लुईश काब्राल त्याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालमध्ये वारले. ज्यांच्याविरुद्ध हत्यार उचलले त्यांच्याच देशात. आता 2009 च्या मार्चमध्ये उभे राहून कासाकाच्या रांगेकडे पाहिले तर अश्रू पुन्हा बदलतो. त्यात मला आता अभिमानही दिसत नाही आणि आनंदही. एक थकलेला, चाळिशीतला माणूस दिसतो, ज्याला आपल्याच शिपायांच्या हातून मरायचे आहे आणि ते ठाऊक नाही. पण हाही मी घातलेला अर्थ, चौथे निवेदन.

चित्रपटाचा एक दोष मला दुसऱ्यांदा पाहतानाच जाणवला आणि तो मार्कर यांच्यावरील प्रेमापोटी लपवणे बरे नव्हे. गिनीतले कुणीही यात आपली गोष्ट आपण सांगत नाही. मूक कॅमेऱ्याची सबब आहे, पत्राचा घाट आहे, हे सगळे मान्य करूनही एवढे उरतेच की कुणाच्या युद्धाचे काय झाले ते आपल्याला युरोपातला एक सहृदय, निराश, बहुश्रुत माणूस सांगतो. बझाँसोंच्या कामगारांचा जुना सवाल इथे कुणी विचारणारा नव्हता.

विचारणारी एकच आहे, आणि ती बोलत नाही. केप व्हर्देच्या राजधानीत, प्रायाच्या बाजारात, क्रास्ना एका तरुण स्त्रीवर कॅमेरा रोखून असतो. तिला ते कळलेले असते. ती बघते आणि बघत नाही; नजर अशा कोनात टाकते की ती आपल्यासाठी नव्हतीच असे म्हणता यावे; आणि शेवटी क्षणभर सरळ आपल्याकडे पाहते. ती खरी नजर एका चौकटीपुरती, सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरती टिकली, असे क्रास्ना लिहितो. चित्रपटाच्या अगदी अखेरीस तिचा चेहरा झोनच्या रंगांत परत येतो, आणि ती न दिसणारी बाई विचारते की एक दिवस शेवटचे पत्रही येईल का. मी लॅपटॉपवर ती चौकट थांबवायचा प्रयत्न केला. कधी एक क्षण आधी बोट पडे, कधी एक क्षण नंतर. आधी पडले तर ती शेजारणीकडे बघत असे, नंतर पडले तर दृश्य बदललेले असे. रात्री दीडच्या सुमारास मी नाद सोडला आणि राहिलेले फोटो स्कॅन करायला घेतले.

पेढ्याच्या फोटोच्या मागे तारीख नाही. छायाचित्रकाराच्या दुकानाचा जांभळा शिक्का आहे आणि शाईने लिहिलेला एक आकडा, बहुधा प्रतींचा. स्कॅनरने फाइलला त्या रात्रीचीच तारीख दिली. मी ती अजून बदललेली नाही.